घर आजारी असते तेव्हा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



घरातील एक माणूस आजारी पडला की त्याला डॉक्टरांपुढे बसवावे आणि बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर थांबावे, ही सर्वत्र अंगवळणी पडलेली रीत आहे. मनाच्या आजाराला ही रीत पुरी पडत नाही. हे ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत एक भारतीय नाव आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की ते भारतातच फारसे घेतले जात नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांचे ते नाव. फाळणीनंतर लाहोरच्या रुग्णालयात अडकलेले हिंदू व शीख मनोरुग्ण 1950 मध्ये सीमेपार आणण्यात आले, त्यांपैकी पुष्कळ जण अमृतसरला आले. जागा अपुरी, मनुष्यबळ तुटपुंजे. अशा काळात, 1950 च्या दशकात, डॉ. विद्यासागरांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासह तेथे राहावयास बोलाविले. आई, पत्नी, भाऊ रुग्णाजवळ राहू लागले. आजार म्हणजे काय, औषध कशासाठी, रुग्णाशी कसे बोलावे हे त्यांना रोज समजावून सांगितले जाई. रुग्ण लवकर घरी परतू लागले. आणि परतणारे नातेवाईक गावात जाऊन, हा आजार बरा होऊ शकतो, असे स्वतःच्या अनुभवाने सांगू लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबाला रुग्णासोबत राहण्याची व्यवस्था केली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत पुढे कुटुंबोपचाराचे स्वतंत्र केंद्रच उभे राहिले.

पाश्चात्य देशांत त्या वेळी विचार वेगळ्या दिशेने चालला होता. कॅलिफोर्नियात ग्रेगरी बेटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये असे मांडले की, घरातील परस्परविरोधी संदेशांच्या कोंडीतून स्किझोफ्रेनिया उद्भवत असावा. त्या काळच्या अशा विचारांमुळे कित्येक मातांना, मुलाचे वेड तुमच्यामुळे, हे ऐकावे लागले. तो विचार पुराव्याच्या कसोटीवर टिकला नाही. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा : घर आजार निर्माण करते असे म्हणणे वेगळे, आणि घरातील वातावरणाचा आजाराच्या वाटचालीवर परिणाम होतो असे म्हणणे वेगळे. पहिल्यात आरोप आहे. दुसऱ्यात काही करता येण्याजोगे आहे.

दुसऱ्या विधानाला भक्कम आधार मिळाला तो लंडनमध्ये. जॉर्ज ब्राउन यांना असे आढळले की रुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे वा पत्नीकडे गेलेल्या पुरुषांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांची प्रकृती अधिक बरी राहते. जवळची माणसेच जड जावीत, हे कसे? नातेवाइकांच्या मुलाखती बारकाईने तपासल्या तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या : सततची टीका, उघड वैरभाव, आणि रुग्णाच्या प्रत्येक श्वासावर लक्ष ठेवणारी अति काळजी. बर्ली व विंग यांच्यासह ब्राउन यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा तप्त वातावरणाच्या घरी परतलेल्यांपैकी 58 टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हे प्रमाण 16 टक्के होते. पुढे हाच अभ्यास चंदीगडला झाला. 1987 मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तेथील साधारण चौथा हिस्सा घरेच या तप्त वर्गात मोडत होती, लंडनपेक्षा बरीच कमी. भारतीय घरांना अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. मात्र तो चौथा हिस्सा कोणाच्या घराचा, हा प्रश्न अभिमानाने सुटत नाही.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशा घरात नेमके काय करतो, हे समजण्यासाठी एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. खाली पेढी, वर राहते घर. आजोबा, दोन मुलगे, दोन सुना. धाकट्या सुनेला बाळंतपणानंतर नैराश्याने ग्रासले आहे. ती उठत नाही, बाळाकडे पाहत नाही. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी असली थेरं नव्हती.” पती दिवसभर पेढीवर असतो, रात्री वर आला की आधी आईचे ऐकतो, मग पत्नीचे, आणि दोघींना “जाऊ दे” एवढेच म्हणतो. माहेरचे रोज दूरध्वनी करून विचारतात, त्यामुळे सासूबाई अधिकच बिथरतात. मोठी सून दोन्ही घास भरवते, बाळालाही आणि जाऊबाईलाही, आणि कोणाला काही बोलत नाही.

नैराश्याचे औषध मनोविकारतज्ज्ञ देतात. ते मानसशास्त्रज्ञाचे काम नव्हे. मानसशास्त्रज्ञ प्रथम प्रत्येकाला स्वतंत्र भेटतो. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतो आणि त्यावर नात्यांच्या रेषा ओढतो : कोण कोणाशी जवळ, कोणाचे कोणाशी बोलणे तुटले. या पद्धतीत अमेरिकेच्या मरे बोवेन यांचा मोठा वाटा. अशा वेळी कित्येकदा असे उघड होते की सासूबाईंचेही एक मूल तान्हेपणी गेले होते, आणि त्या दुःखाला त्यांना कधी कोणी वाव दिला नव्हता. मग एकत्र बैठकीत प्रश्न फिरवून विचारले जातात. सुनेला “तुम्हाला कसे वाटते” असे विचारण्याऐवजी पतीला विचारले जाते, “आई बोलतात तेव्हा घरात सर्वांत आधी गप्प कोण होते?” उत्तर देताना घराला स्वतःचीच चाल दिसू लागते. सासू टोकते, सून आत जाते, पती पेढीवर उशिरापर्यंत थांबतो, म्हणून सासू अधिक टोकते. या चक्रात खलनायक कोणी नाही. ते कोठूनही तोडता येते, आणि बहुधा सर्वांत सोपी जागा पतीची असते.

केवळ पती-पत्नींमधील दुराव्यासाठीही आता नीट तपासलेल्या पद्धती आहेत. आरंभी, 1970 च्या आसपास, “तू हे कर, मी ते करतो” असे करारच करून घेतले जात. लाभ होई, पण पुष्कळांचा टिकत नसे. म्हणून नील जेकबसन व अँड्र्यू ख्रिस्तेनसेन यांनी बदलाच्या जोडीला स्वीकाराला स्थान दिले : जोडीदाराचा जो स्वभाव बदलणारा नाही, त्याच्याशी झगडणे सोडून त्यामागचे दुखणे समजून घेणे. 134 जोडप्यांवर जुन्या व नव्या पद्धतींची तुलना झाली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील साधारण निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकून होती. सुमारे पाव जोडपी विभक्त झाली होती. हे आकडे गुलाबी नाहीत, म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतात. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणे चित्रित करून अभ्यासली. त्यांचा निष्कर्ष असा की भांडणाने संसार मोडत नाही, तुच्छतेने मोडतो.

समाजात कलह मिटविण्याची जुनी पद्धत म्हणजे चार जाणत्या मंडळींची बैठक. पेढीच्या वाटणीत, देण्याघेण्यात तिने अनेक घरे सावरली आहेत. पण बैठक न्याय करावयास बसते. तिला चूक कोणाची हे ठरवावे लागते. नैराश्याला वा संशयविकाराला समज देऊन भागत नाही. आणि जेथे मारहाण आहे, धाक आहे, तेथे तर समेटाची घाई घातकच. जाणकार मानसशास्त्रज्ञही अशा वेळी दोघांना एकत्र बसवीत नाही, कारण खोलीत बोललेल्या शब्दाची शिक्षा त्या स्त्रीला घरी भोगावी लागते. तेथे आधी सुरक्षितता, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकारी. “सांभाळून घे” असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे जरूर ध्यानी धरावे.

उपचार टाळण्यामागे खरी भीती असते ती बोभाट्याची. समाज लहान, सारे एकमेकांना ओळखणारे. धाकट्या बहिणीचे स्थळ मोडेल ही धास्ती. या धास्तीपोटी लग्नाआधी आजार लपविला जातो, आणि लग्नानंतर गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंद होतात. मग जे उद्भवते त्याला दोन्ही घरे पुरी पडत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद वगळता उपचारकाला माहिती बाहेर देता येत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यातही संकोच नसावा.

आणखी एक गोष्ट, विशेषतः चातुर्मासाच्या दृष्टीने. लिथियमसारखे औषध चालू असता शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील त्याचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. चौविहार उपवास वा अठाई करण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांना अवश्य विचारावे, आणि परस्पर गोळी बंद करू नये. तपाची इच्छा डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा कसला?

पहिल्या भेटीला जुनी औषधपत्रे न्यावीत. तातडीने बोलावयाचे असल्यास 2022 मध्ये सुरू झालेली शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर आहे. पती यावयास तयार नाही म्हणून पत्नीने थांबून राहू नये. एकट्यानेही आरंभ करता येतो. चक्रातील एकाने पाऊल वेगळे टाकले तरी दुसऱ्याला आपले पाऊल बदलावेच लागते. शिवाय न येणारा माणूस पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या भेटीला, तेथे आपल्याविषयी काय बोलले जाते हे पाहावे, एवढ्याचसाठी का होईना, येऊन बसतो.