सांडपाण्यातला नत्र जातो कुठं?



आज संडासाच्या आणि मोरीच्या पाण्याविषयी बोलायचं आहे. विषय काही जेवताना ऐकण्याजोगा नाही. पण शेणामुतात हात घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याची किळस कसली?

नत्राची ओळख तुम्हांला करून द्यायला नकोच. युरियात शंभराला ४६ भाग नत्र असतो. पण तो आपल्या ताटातही असतो बरं का! डाळ, दूध, मटकी, अंडी यांतल्या प्रथिनांचा सुमारे सहावा हिस्सा नत्रच. मोठ्या माणसाची वाढ थांबलेली असते, म्हणून जेवढा नत्र पोटात जातो जवळजवळ तेवढाच बाहेर पडतो. रोजचा अंदाजे दहा ग्रॅम. आता हिशेब करा. सहा मोठ्या माणसांच्या घरातून वर्षाकाठी ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीएवढा नत्र संडासात जातो. शाळेच्या वसतिगृहाचा हिशेब गुरुजींनी मुलांकडूनच करून घ्यावा.

पाण्यात पडतो तेव्हा हा नत्र युरिया, प्रथिनांचे तुकडे अशा रूपात असतो. त्याला सेंद्रिय नत्र म्हणतात. जिवाणू तो फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो. सकाळी गोठ्यात शिरताच नाकाला झोंबतो ना, तोच. या कामाला हवा लागत नाही. आपल्या सेप्टिक टाकीत एवढंच घडतं. जड गाळ तळाशी बसतो, पाणी बरंचसं नितळ होऊन बाहेर येतं आणि आपण म्हणतो, झालं शुद्ध! पण नत्राचा मोठा वाटा त्या नितळ पाण्यातूनच निघून गेलेला असतो.

पुढं काय होतं, हे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युन्त्स या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच झालं नाही. अमोनिया वरून गेला तसा खालून आला. मग तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. शिक्षकांनी इथं थांबून मुलांना विचारावं: हे वाळूनंच केलं असेल, तर पहिल्याच दिवशी का नाही केलं? त्या दोघांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तशी क्रिया थांबली. मग बागेतली थोडी माती पाण्यात कालवून घातली आणि काही दिवसांनी क्रिया पुन्हा सुरू झाली. म्हणजे काम करणारे जिवंत होते! हे जिवाणू सावकाश वाढतात आणि त्यांना हवा भरपूर लागते. एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे साडेचार ग्रॅम प्राणवायू.

आता खरी गोम इथं आहे. अमोनियाला माती धरून ठेवते, नायट्रेटला नाही. ते पाण्याबरोबर झिरपत विहिरीला जातं. त्याला रंग नाही, वास नाही. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉक्टर कॉम्ली यांनी लिहून ठेवलं, की अशा विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही मुलं निळी पडत होती. नायट्रेटमुळं बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्याकडची मर्यादा आहे. आणि आयाबहिणींनो, पाणी उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतंच.

शहरातल्या शुद्धीकरण केंद्रांत यावर एक युक्ती करतात. आधी टाकीत हवा फुंकून अमोनियाचं नायट्रेट करायचं. मग ते पाणी मागं फिरवून, हवा नसलेल्या टाकीत ताज्या सांडपाण्यात मिसळायचं. तिथल्या जिवाणूंना खायला भरपूर, पण श्वासाला हवा नाही. मग ते नायट्रेटमधलाच प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन आकाशात जातो. पण इथंही एक खोच आहे. जिवाणूंच्या वाळलेल्या शरीरात शंभराला बारा भाग नत्र असतो. तो गाळ नीट खाली बसला नाही आणि पाण्याबरोबर वाहून गेला, तर सेंद्रिय नत्र दुसऱ्या दारानं बाहेर पडलाच म्हणायचा! गाळ बसवायच्या टाकीत तो फार वेळ पडून राहिला, तरी खाली नत्रवायूचे बुडबुडे होतात आणि गाळाची ढेकळं वर तरंगू लागतात. म्हणून वेळच्या वेळी गाळ काढणं, हे तिथलं रोजचं काम.

आपल्या गावालाही हेच लागू आहे. टाकी गाळानं भरली की तो पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो. दोन-तीन वर्षांनी ती पंपाच्या टँकरनं उपसून घ्यावी. आत माणूस मुळीच उतरवू नये. विषारी वायूनं क्षणात जीव जातो, आणि २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे. बाहेरचं पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडू नका. आपल्याकडं खाली भेगाळलेला कातळ असतो. तो काही गाळत नाही. खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून ते पाणी आतून फिरवावं आणि पुढं केळीच्या आळ्यांत द्यावं. कर्दळीच्या मुळांशी आणि खडीवर जिवाणू राहतात, काही नत्र झाडं घेतात, उरलेला केळी घेतात. कोथिंबीर, मुळा, कच्ची खायची कुठलीही भाजी या पाण्यावर लावू नका. त्यात रोगजंतू असतात.

आणि गुरुजी, यंदा एक करा. शाळेच्या विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. चिठ्ठीत ‘नायट्रेट’ हा शब्द मुद्दाम लिहा. दोन्ही आकडे आले की वर्गातल्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.