परभाषेत विचार करताना
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या प्राध्यापकाने स्पॅनिश भाषेविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. ही भाषा मी हौसेने शिकलो नाही. माझी कन्या माद्रिदला असते. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला मराठी समजते. परंतु उत्तर तो स्पॅनिशमध्ये देतो. नातवाशी दुभाष्यावाचून बोलता यावे, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो.

माद्रिदच्या मुक्कामात एके दिवशी नातवाच्या हातून काचेचा पेला पडून फुटला. तो घाबरून म्हणाला, ''से मे आ काईदो.'' मी मनात इंग्रजी वाक्य जुळवले, त्याचे स्पॅनिश केले आणि बोललो, ''तू रोम्पिस्ते एल बासो.'' म्हणजे, 'तू पेला फोडलास.' व्याकरण निर्दोष होते. मुलाचे डोळे मात्र भरून आले, आणि त्या संध्याकाळी तो माझ्याजवळ फिरकला नाही.

त्याचे म्हणणे होते, 'माझ्या हातून पडला.' त्याच्या वाक्यात कर्ता पेला आहे. मुलगा आहे तो केवळ ज्याच्या बाबतीत ते घडले तो. 'हातून पडणे' आणि 'फोडणे' यांतील अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ते माझ्या मातृभाषेत होतेच. मी इंग्रजीच्या वळशाने गेलो आणि वाटेत ते गमावून बसलो.

असेच दुसरे उदाहरण पाहा. इंग्रजीत आवडणाऱ्याला कर्तेपण मिळते. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल लिब्रो' असे म्हणतात. त्याची घडण थेट 'मला पुस्तक आवडते' अशीच आहे. आपले गुजराती शेजारीही 'मने आ चोपडी गमे छे' असेच म्हणतात. जवळिकीच्या माणसाला 'तू' आणि आदरणीयाला 'उस्तेद', हा भेदही आपल्याला नवा नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे नियम पाठ करावे लागतात, त्यांतील कित्येक आपल्या जिभेवर आधीच असतात.

अर्थात सर्वच वाटा ओळखीच्या नसतात. आपल्या एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. सफरचंद 'एस बेर्दे' म्हणजे ते हिरव्या जातीचे. 'एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चे. माणूस 'एस आबुर्रीदो' असेल तर तो कंटाळवाणा. 'एस्ता आबुर्रीदो' असेल तर तो कंटाळलेला. येथे भाषांतर निरुपयोगी ठरते. बोलण्यापूर्वीच ठरवावे लागते की, हा वस्तूचा स्वभाव आहे की तिची आजची अवस्था? हा प्रश्न आपोआप मनात उमटू लागला, की त्या भाषेत विचार सुरू झाला असे समजावे.

ते कसे साधावे? आपण बडोदेकरांनी गुजराती जशी आत्मसात केली तसे. दांडिया बाजारातल्या मुलाने शेजारच्या मुलांशी खेळताना कधी कोश उघडला नाही; वस्तू, प्रसंग आणि शब्द त्याला एकत्रच भेटले. मीही खंडेराव मार्केटात भाजी घेताना मनातल्या मनात स्पॅनिश नावे घेऊ लागलो. वाक्ये लहान ठेवली. शब्द अडला तर इंग्रजीकडे न धावता जवळच्या दुसऱ्या स्पॅनिश शब्दाने वेळ भागवली. हिशेब मात्र अजून मराठीतच होतो, आणि त्याची मला खंत नाही.

गेल्या दिवाळीत नातू बडोद्यास आला होता. फराळाच्या वेळी माझ्या हातून चहाची बशी निसटली. काही जुळवण्यापूर्वीच तोंडून निघाले, ''से मे आ काईदो!'' तुकडे पाहत तो मराठीत म्हणाला, ''असू दे, आजोबा. पडली ती.''

''तू फोडलीस'' असे तो म्हणाला नाही. दोन्ही भाषा त्याच्या मनात सुखाने नांदत आहेत. त्याच्या मराठीला खतपाणी घालणारी बालवाङ्मयाची कपाटे या ग्रंथालयाने शंभर वर्षे उघडी ठेवली. ती पुढेही उघडी राहावीत, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.