सहलीची आखणी

श्रोतेहो, सहल म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे बस उभी राहते आणि गुरुजींच्या डोळ्यांपुढे जबाबदारी. दोघांचंही बरोबरच आहे. पण बस सुटण्यापूर्वी एक काम नीट व्हावं लागतं, ते म्हणजे आखणी. तिच्याविषयी आज थोडं बोलू.

समजा, महागावच्या एखाद्या शाळेनं बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर पाहायचं ठरवलं. वाट पुसद, वाशीम, रिसोड अशी. अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक. लगेच कोणी म्हणतं, "पहाटे निघू, रात्री परत येऊ." आता हिशेब करा बरं! मुलं घेऊन थांबत थांबत जायचं म्हणजे साडेचार-पाच तास हवेत. पाचला निघालात तर पोचायला दहा वाजतील. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. अंधारापूर्वी घरी यायचं, तर एक वाजता लोणार सोडावं लागेल. हाती उरले तीन तास. त्यातच जेवण, त्यातच उतरणं-चढणं! म्हणून माझं सांगणं असं, की आखणी नेहमी परतीच्या वेळेपासून उलटी करीत यावी आणि लोणारसाठी एक मुक्काम धरावा.

तिथं पाहण्यासारखं आहे तरी काय? अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघातानं काळ्या बसाल्ट खडकात पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठाची उंच कड वाऱ्यानं किंवा पाण्यानं रचलेली नाही. त्या आघातानं खडक उचलला गेला, बाहेर उडालेला चुरा भोवती पडला, त्यातून ती बनली. पूर्वी विवराचं वय ५० हजार वर्षांच्या आसपास मानीत. पुढं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनं ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेलं. पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव मंदिरही चुकवू नका. हे सारं घाईनं कसं पाहून होईल?

आता जबाबदारीचं. शिक्षण खात्याची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं आधी घ्या. विवराचा परिसर अभयारण्यात येतो. खाली उतरण्याचे नियम आणि वेळा वनखात्याकडे विचारा. मुलांचे लहान गट करा, प्रत्येक गटामागं एक मोठं माणूस द्या, आणि बसमध्ये चढताना दर वेळी मोजणी करा. पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात सहलीची मुलं बुडाली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही.

पालक बंधुभगिनींनो, एक गोष्ट तुमच्याकडेही आहे. वर्गणीचा आकडा फळ्यावर लागला, की एखादं पोर हळूच म्हणतं, "मला नाही यायचं, घरी काम आहे." कधी खरंच कापसाची वेचणी असते, कधी पैसे नसतात. गुरुजी, त्याला चारचौघांत कारण विचारू नका. संध्याकाळी घरी जाऊन भेटा. तारीख वेचणीचा जोर ओसरल्यावरची धरा. एस.टी.कडे शैक्षणिक सहलींसाठी भाड्यात सवलत असते. आगारात वेळेवर मागणी नोंदवा. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे गावानं मिळून दिले, तर खर्च पुष्कळ हलका होतो. कोणाचा हिस्सा कोणी भरला, हे मात्र मुलांच्या कानावर जाऊ नये.

आणि शेवटचं. हा सगळा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. नकाशावर वाट त्यांनी काढावी, अंतर आणि वेळ त्यांनी मांडावी, माणशी खर्चही त्यांनीच काढावा. भूगोल आणि गणित दोन्ही त्यात येतात. मग वाशीम आलं, की एखादा मुलगा आपली वही उघडून म्हणेल, "गुरुजी, आपण अर्धा तास मागं आहोत." असं झालं, की समजावं, शिक्षण सुरू झालं.