नव्या चालकाचा पहिला धडा



परभणी, जिंतूर, गंगाखेड वा पाथरी आगारात एस. टी. चालविण्याची उमेद धरणारा तरुण आमच्याकडे येतो, तो परवान्याची चौकशी करीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वय २० ठरविले. अवजड गाडी शिकण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर हाती हवा. ते त्याला कळते.

पण आम्ही विश्रांतीचा धडा आधी देतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे काम सामान्यतः आठ तास ठरविले आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा सांगितला. २०२० साली संसदेने असे कायदे एका संहितेत गोवले. माणसाची झोप मात्र तीच राहिली.

मुक्कामी गाडीचा चालक रात्री पोचतो, पहाटे निघतो. पाठ टेकायला धड जागा नसेल, तर ते उतारूंच्या जिवावर बेतते. नोकरी नवी असताना "डोळा लागतो आहे, आता गाडी नेत नाही" असे म्हणायला छाती लागते. तसे म्हणणाऱ्याला आपण कामचुकार म्हणू नये. त्याच्या बाजूने चार शब्द बोलावेत. त्या गाडीत आपलीच लेकरे बसलेली असतात.