पेट्या वेगळ्या बोटीने

नागपूरहून अमरावती रोडने निघालं की वाडी लागते, आणि ती लागल्याचं पाटी न वाचताही कळतं. दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोडाऊन, ओळीने उभे ट्रक, पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल. माल ट्रकने जातो, मालक रेल्वेने किंवा बसने जातो, आणि दोघांना जोडून ठेवतो तो एक कागद, बिल्टी. बिल्टी खिशात असली की माणूस निर्धास्त असतो.

परदेशात शिकायला गेलेला विद्यार्थी तिथलं शहर सोडतो, तेव्हाही असंच होतं. माणूस एका वाटेने येतो, पुस्तकं दुसऱ्या वाटेने. आजची गोष्ट अशा एका निरोपाची आहे. शहर लंडन, साल 1917, विद्यार्थ्याचं वय 26, नाव भीमराव रामजी आंबेडकर.

त्याआधीचं थोडक्यात सांगायला हवं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 च्या पावसाळ्यात न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोचले. महिना साडेअकरा पौंड मिळत. त्यातून पोट भरायचं, घरी पाठवायचं, आणि उरेल त्यात जुन्या बाजारातली पुस्तकं घ्यायची. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ही पुस्तकं दोन हजारांच्या घरात गेली. 1916 मध्ये न्यूयॉर्क सोडताना ती त्यांनी एका मित्राच्या हवाली केली. पुढे त्यातली सगळी काही भारतात पोचली नाहीत. हा झाला पहिला निरोप.

मग लंडन. तिथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही. पण वर्ष उलटायच्या आत शिष्यवृत्ती संपली आणि बडोद्याहून परत या म्हणून निरोप आला. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली, तेवढाच आधार. त्या दिवसांत खिशात पैसा नसलेल्या माणसाला अशा परवानगीचा उपयोग किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता ज्या तपशिलाने मला या विषयाकडे ओढलं, त्याच्याकडे येतो. वेळ जरा जास्त लागेल, सांभाळून घ्या.

त्या काळी इंग्लंडहून मुंबईला यायच्या दोन तऱ्हा होत्या. एक, इंग्लंडच्या बंदरातच बोटीत बसायचं आणि स्पेनला वळसा घालून यायचं. दुसरी, रेल्वेने फ्रान्स ओलांडून मार्सेय गाठायचं आणि तिथे बोट पकडायची. दुसऱ्या तऱ्हेत खवळलेल्या समुद्राचे काही दिवस वाचत. पण जड पेट्या घेऊन रेल्वेने कोण जाणार? त्या लंडनलाच बुक करून समुद्रमार्गे पाठवायच्या. बाबासाहेबांनी पुस्तकांच्या पेट्या थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने रवाना केल्या आणि स्वतः मार्सेयहून ‘कैसर-ए-हिंद’ या बोटीने निघाले. काळ पहिल्या महायुद्धाचा. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांनाही सरसकट बुडवू लागल्या होत्या. ‘कैसर-ए-हिंद’ ऑगस्टमध्ये मुंबईला सुखरूप लागली. पुस्तकांची बोट मात्र पाणबुडीने बुडवली.

माणूस पोचला, पुस्तकं बुडाली.

पुढची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गेलेल्या सामानाची भरपाई म्हणून कंपनीकडून सहाशे रुपये आले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं, आणि तिथे जायलाही हातात पैसे नव्हते. या सहाशेतून ते बडोद्याला गेले. समुद्राच्या तळाशी गेलेल्या पुस्तकांनी त्यांच्या तिकिटाचे पैसे दिले! वाडीच्या गोडाऊनमध्ये नुकसानभरपाईचे अर्ज भरताना माणसं पाहतो, तेव्हा मला हा हिशेब आठवतो. पुस्तकाची भरपाई कोणत्या दराने करायची?

बडोद्यात त्यांना राहायला खोली कोणी दिली नाही, आणि शेवटी पारशी धर्मशाळेतूनही कसं हाकललं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ते मुळातूनच वाचावं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेतलं, आणि 1920 मध्ये ते परत लंडनला गेले. बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1923 मध्ये पुरा केला. अर्धवट राहिलेला निरोप सहा वर्षांनी पुरा झाला. पुढे दादरला ‘राजगृह’ हे घर बांधलं, ते पुस्तकांना जागा हवी म्हणून.

असाच एक निरोप लंडनच्या त्या निरोपाच्या तीसेक वर्षं आधीचा. डॉ. आनंदीबाई जोशी मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात उमेदवारी करायला गेल्या. आजच्या भाषेत इंटर्नशिप. प्रकृतीने साथ दिली नाही. ऑक्टोबरात त्यांनी न्यूयॉर्क सोडलं, कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तयार होती, पण फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्या गेल्या. बाविशीही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे, ज्यांना त्या मावशी म्हणत, पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत आजही त्यांच्या नावाची शिळा आहे. इथे प्रवास उलट्या दिशेने झाला.

पुस्तकं मागून येण्याची ही रीत आमच्या लहानपणापर्यंत टिकून होती. अमेरिकेतून परतणारी मुलं टपाल खात्याच्या एम-बॅगमध्ये पुस्तकं भरत. कॅनव्हासचं पोतं, सहासष्ट पौंडांपर्यंत माल, समुद्रमार्गे. मुलगा घरी येऊन जेवूनखाऊन नोकरीला लागायचा, तेव्हा कुठे पोतं दारात यायचं. वाडीतल्या आमच्या शेजारच्या घरी असं पोतं उघडताना मी पाहिलं आहे. ओलसर कागदाचा वास, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरातली नावं, मधेच राहून गेलेलं बसचं तिकीट. सारी गल्ली जमली होती. अमेरिकेने 2007 मध्ये परदेशी समुद्री टपाल बंद केलं, आणि विमानाने पुस्तकं पाठवणं विद्यार्थ्याला परवडेना.

आता परदेशातली इंटर्नशिप संपवून मुलं येतात ती तेवीस किलोच्या बॅगा मोजून. वह्या मोबाइलवर स्कॅन होतात, पुस्तकं मागच्या मुलांना दिली जातात. सोय आहे, कबूल. पण त्या शहराचं हाताला लागेल असं घरात काही येत नाही, आणि धाकट्या भावंडांना चाळायला काही उरत नाही. याचं मला वाईट वाटतं.

बाबासाहेबांच्या वस्तूंपैकी बऱ्याच आपल्या नागपूरजवळच आहेत. काटोल रोडला फेटरीजवळ चिचोली गाव आहे. 1956 च्या बौद्ध धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात पुढे असलेल्या वामनराव गोडबोले यांनी तिथल्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि रोजच्या वापरातल्या वस्तू जतन केल्या. वाडीहून तिकडे दुचाकीनेही जाता येतं. कोटांच्या कपाटाजवळ गेलात, तर लंडनहून निघालेल्या त्या पेट्या तिथे नाहीत, हेही लक्षात असू द्या.