उद्यानाचा आराखडा आणि चाळकऱ्यांचा अधिकार



वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की सारी चर्चा एका आकड्याभोवती फिरते. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर. हा लाभ क्षुल्लक नाही. ज्या कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या एका खोलीत आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या सामायिक शौचालयांच्या रांगेत गेल्या, त्यांच्या या अपेक्षेकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या आल्या, ही आनंदाचीच घटना होय. परंतु घराच्या आतील क्षेत्रफळाचा हिशेब जितक्या चोखपणे मांडला जातो, तितका घराबाहेरच्या जमिनीचा मांडला जात नाही. पुनर्विकासानंतर मैदान किती उरेल, बाग कोठे होईल, ती कोणासाठी असेल आणि या गोष्टी कोण ठरवणार, हे प्रश्न दुय्यम मानले जातात. वस्तुतः श्रमिकांच्या वस्तीत ते घराच्या प्रश्नाइतकेच मूलभूत आहेत.

थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. गव्हर्नर लॉईड यांच्या कारकीर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना झाली. औद्योगिक कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला आणि त्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८० खोल्या, मध्यभागी लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना दारे. हा नकाशा काढताना एकाही गिरणी कामगाराला काही विचारले गेले नव्हते. परिणाम असा झाला की वरळीच्या कित्येक चाळी अनेक वर्षे ओस पडल्या. गिरण्या दूर होत्या, भाडे झेपत नव्हते, सोयी अपुऱ्या होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारला यांतील काही इमारती तात्पुरता तुरुंग म्हणून वापरणे सोपे गेले, यातच त्या वास्तुरचनेवरचा अभिप्राय आला.

त्याच सुमारास मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे अध्यापन करणारे पॅट्रिक गेडिस या चाळींचे कठोर टीकाकार होते. हे माणसांना घर देणे नसून त्यांना कोठारात साठवणे आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. गेडिस यांची पद्धती साधी होती. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपचार. माणसे कोठे बसतात, मुले कोठे खेळतात, बायका कोणत्या वाटेने पाण्याला जातात, हे पायी हिंडून पाहिल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नये, असा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षे उलटली, तरी मुंबईच्या नियोजनाने हा धडा गिरवलेला नाही.

चाळीचे जीवन १६० चौरस फुटांत कधीच मावले नाही. ते मावावे म्हणून माणसांनी बाहेरची जागा घराला जोडून घेतली. दोन चाळींमधील मोकळ्या जागेत मुलांचा अभ्यास झाला, पापड-कुरडया वाळल्या, लग्नाचे मांडव पडले, गणपती बसले, १४ एप्रिलची जयंती साजरी झाली. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा खोलीत झोपायचा, तेव्हा बाकीचे कुटुंब बाहेर असायचे. जांबोरी मैदानावर हुतूतू आणि कबड्डी रंगली, राजकीय सभा गाजल्या. उच्चभ्रू वस्तीत बाग ही फिरण्याची जागा असते. चाळीत मैदान ही घरातील न बांधलेली खोली असते. नव्या घरात क्षेत्रफळ तिपटीने वाढेल, पण ही खोली जर गेली तर चाळकऱ्याने नेमके काय मिळवले आणि काय गमावले, याचा ताळेबंद मांडावाच लागेल.

तो आता आकड्यांत पाहू या. वरळीच्या बीडीडी वसाहतीची जमीन सुमारे ६० एकर, म्हणजे अंदाजे २ लाख ४० हजार चौरस मीटर. पुनर्वसनाचे गाळे ९,६८९, त्यांत बहुसंख्य निवासी. कुटुंबात पाच माणसे धरली, तर लोकसंख्या ४८ हजारांच्या घरात जाते. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वे दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सांगतात. १० चौरस मीटरचा दर लावला तरी ४ लाख ८० हजार चौरस मीटर लागतील, म्हणजे संपूर्ण वसाहतीच्या दुप्पट! हे अशक्यच आहे. पण मुंबईची आजची जी लाजिरवाणी सरासरी सांगितली जाते, दरडोई सुमारे सव्वा चौरस मीटर, तेवढी राखायची म्हटले तरी ६० हजार चौरस मीटर, म्हणजे १५ एकर, एकूण जमिनीचा चौथा हिस्सा लागेल. आणि या हिशेबात विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या मनोऱ्यांतील रहिवासी धरलेलेच नाहीत. म्हणूनच अभियंते शिरीष पटेल यांनी अनेक वर्षे आग्रहाने मांडले की चटईक्षेत्राचा निर्देशांक एकट्याने काही सांगत नाही. एका माणसाच्या वाट्याला सार्वजनिक जमीन किती येते, हे मोजले पाहिजे. नियम भूखंडाच्या टक्केवारीत बोलतात, माणसे मात्र डोक्यांनी मोजावी लागतात. चार मजल्यांच्या जागी चाळीस मजले आले की टक्केवारी तीच राहूनही माणशी जागा आटते.

मोकळी जागा का आटते याचे अर्थशास्त्रीय कारण उघड आहे. विक्रीच्या गाळ्याला बाजारात किंमत आहे, मैदानाला नाही. ज्याला किंमत नाही त्याचा राखणदार बाजार होऊ शकत नाही. तो राज्यसंस्थेने किंवा लोकांनीच व्हावे लागते. राज्यसंस्थेने हे काम कसे केले याचा पुरावा गिरणगावात शेजारीच पडलेला आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागा व सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकांसाठी असे सूत्र घातले होते. गिरण्यांच्या जमिनी सुमारे ६०० एकर. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीची करण्याचे ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरली. एका व्याख्येतील बदलाने गिरणगावाची उद्याने कागदावरच राहिली. कामगाराला त्या बदलाविषयी कोणी विचारले नव्हते, आणि झालेला बदल त्याला कळेल अशा भाषेत कोणी सांगितलाही नव्हता.

येथे असे म्हटले जाईल की कायद्यात लोकसहभागाची तरतूद आहे. ती आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा मसुदा प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो नव्याने करण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला. लोकांनी आवाज उठवला तर फरक पडतो, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु हरकत घेण्याचा अधिकार हा नियोजनाचा अधिकार नव्हे. ताट वाढून झाल्यावर मीठ कमी आहे असे सांगण्याची मुभा आणि स्वयंपाक काय करायचा हे ठरवण्यात वाटा, यांत मोठे अंतर आहे. क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राने २००९ साली केली, पण ती कागदाबाहेर फारशी आली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर तर दीर्घकाळ निवडून आलेले सभागृहच नव्हते. अशा काळात बागेचा आराखडा अधिकारी व सल्लागार यांच्यातच पक्का होतो. त्यातून जन्माला येते ते सुशोभीकरण: कुंपण, कारंजे, दिव्यांच्या माळा, खेळण्यास मनाई करणारी पाटी आणि संध्याकाळी लागणारे कुलूप.

लोकांना विचारा, असे म्हणताना लोक म्हणजे कोण, हाही प्रश्न टाळता येत नाही. बीडीडी चाळींची मैदाने भोळीभाबडी नाहीत. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि चाळींमध्ये दंगल पेटली. त्यानंतर १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेला. मैदान एकाच वेळी एकत्र येण्याची आणि वर्चस्व गाजवण्याची जागा असते. २०२२ साली नूतनीकरण झालेल्या जांबोरी मैदानावर राजकीय पक्षाची भव्य दहीहंडी झाली, तेव्हाही मैदान कोणाचे, हाच वाद उफाळला. लोकसहभाग याचा अर्थ सर्वांत मोठ्या मंडळाचा किंवा सर्वांत खणखणीत ध्वनिक्षेपकाचा सहभाग असा होता कामा नये. जी मुलगी संध्याकाळी मैदानाच्या कडेनेदेखील जात नाही, जो वृद्ध जिना उतरून बसायला सावली शोधतो, जी भाजीवाली टोपली घेऊन प्रवेशद्वाराशी बसते, त्यांचे म्हणणे नोंदले गेल्याशिवाय सभा पूर्ण झाली असे मानू नये.

मग पद्धत कशी असावी? प्रथम पाहणी. आज वसाहतीतील कोणती मोकळी जागा कोणत्या वेळी कोण वापरतो, याची नोंद चाळीतील विद्यार्थ्यांनीच करावी. दुसरी गोष्ट, एका प्रचंड सभेऐवजी प्रत्येक इमारतीची लहान सभा व्हावी आणि स्त्रियांची स्वतंत्र बैठक व्हावी. तिसरी, पर्याय कागदावर न दाखवता जमिनीवर चुन्याने आखून दाखवावेत; नकाशा वाचता येत नाही म्हणून कोणाचे मत बाद होऊ नये. चौथी, प्रत्येक पर्यायाचा बांधणीचा आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्च सांगितला जावा. माळी, पाणी, दिवे यांची तरतूद नसलेली बाग दोन पावसाळ्यांत उजाड होते. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, याचे लेखी उत्तर मराठीत चाळीच्या फलकावर लागावे. जमीन सार्वजनिक मालकीचीच राहावी, ती तळावरच असावी, वाहनतळाच्या गच्चीवर नव्हे, आणि विक्रीच्या मनोऱ्यांसाठी वेगळी बाग, चाळकऱ्यांसाठी वेगळी, असा नवा स्पृश्यास्पृश्य भेद तेथे निर्माण होऊ नये.

हे स्वप्नरंजन नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्त्यांच्या सभा अंदाजपत्रकाचे अग्रक्रम ठरवू लागल्या. पुण्याच्या महापालिकेने २००६ नंतर नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात स्थान देण्याचा मर्यादित का होईना प्रयोग केला. मुंबईतही १९२५ साली खुल्या झालेल्या माहीम पार्कचे १९२७ साली शिवाजी पार्क झाले ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. ज्या मैदानाशी लोकांचे नाते जडते, त्यावर आक्रमण करणे पुढे कोणालाही सोपे जात नाही.

दोन आक्षेप उरतात. पहिला, अशा विचारविनिमयाने काम रखडेल. वरळीच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले आणि पहिल्या किल्ल्या मिळायला आठ वर्षे लागली. ही आठ वर्षे बागेविषयी लोकांचे मत घेण्यात गेलेली नाहीत. दुसरा, महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर मोठ्या उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय २०२४ साली झाला आहे, मग वरळीत वेगळी बाग कशाला? ते उद्यान अवश्य व्हावे. पण सहा वर्षांचे मूल रहदारीचे रस्ते ओलांडून रोज तेथे जाणार नाही, आणि गुडघे दुखणारी आजीही नाही. नगराचे उद्यान आणि वस्तीचे मैदान या दोन निरनिराळ्या गरजा आहेत.

घराचा करारनामा चाळकरी डोळ्यांत तेल घालून वाचतो, आणि ते योग्यच आहे. तेवढ्याच बारकाईने त्याने मोकळ्या जागेचा नकाशा मागितला पाहिजे, त्यावरील एकरांची बेरीज केली पाहिजे आणि ती माणशी भागून पाहिली पाहिजे. १९२० च्या दशकात चाळकऱ्याला न विचारता चाळ बांधली गेली, कारण तेव्हा राज्य परक्यांचे होते. आज तसे कारण सांगता येणार नाही. इमारती अजून उभ्या राहत आहेत, जमिनीचा काही भाग अजून मोकळा आहे. प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे. काँक्रीट ओतल्यावर उरते ती केवळ हरकत.