चुकलेल्या मात्रेनंतर

गणपती आले की आपल्या नांदेड-लातूरकडे नृत्यस्पर्धांचे दिवस सुरू होतात. मंडळांच्या स्पर्धा, कॉलेजांचे युवक महोत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं असं ते पार जानेवारीपर्यंत चालतं. मी कथक शिकवते, कधी परीक्षक म्हणूनही बसते. नाच संपवून विंगेत आलेल्या मुलींचे चेहरे पाहिले, की मला काळजी वाटते. बाहेर टाळ्या चालू असतात आणि मुलगी म्हणते, "बाई, तिसऱ्या चक्कराला पाय घसरला हो!" चार मिनिटांच्या नाचातला तेवढा एक क्षण तिच्याजवळ उरलेला असतो.

माझ्याकडची एक गुणी मुलगी नववीत असताना दुसरी आली. तिने घुंगरू माळ्यावर ठेवले, ते परत काढलेच नाहीत. नाच तिला आवडत होता, पण चुकण्याच्या धास्तीपुढे ती थकली.

परिपूर्णतेचा ध्यास वाईट नाही. ध्यास नसता तर पहाटे उठून तत्काराचा रियाज कोणी केला असता? पण हेविट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली या ध्यासातला एक फरक दाखवून दिला. स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा करणं वेगळं आणि 'चुकले तर लोक मला मानणार नाहीत' असं वाटणं वेगळं. ही दुसरी भावना अधिक जाचक. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या मुलांत ती १९८९ ते २०१६ या काळात सुमारे ३३ टक्क्यांनी वाढल्याचं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे तर 'लातूर पॅटर्न'चा अभिमान घराघरांत आहे. पेपर सोडवा, चूक शोधा, पुन्हा सोडवा. अभ्यासाला ही शिस्त उत्तमच, आणि रियाजालाही. पण रंगमंचावर मागचं पान उलटून खाडाखोड करता येत नाही. पाचव्या मात्रेची चूक मनात घोळवत राहिलं, की नववीही हातची जाते.

याचं उत्तर आपल्या तालातच आहे. तीनतालाची मात्रा चुकली तरी सोळा मात्रांनी सम पुन्हा येतेच. मध्यलयीत त्याला आठ-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात लक्ष ठेक्यावर आणून समेवर पाय टाकणं हे एक कौशल्य आहे. गिरक्यांसारखं तेही शिकवावं लागतं.

मी वर्गात काय करते, ते सांगते. सरावात मधेच गाणं बंद करते. वीज गेली, पेन ड्राइव्ह अडला, असं समजायचं आणि मनातल्या ठेक्यावर पुढे नाचायचं. दुसरं, पढंत. हाताने ताल धरून बोल म्हणायचे आणि डोळे मिटून सगळा नाच मनात पाहायचा. त्यात एक चूकही पाहायची आणि त्यानंतर आपण सावरलो, हेही पाहायचं. तिसरं, विंगेत उभं असताना चार मात्रांत श्वास घ्यायचा, आठ मात्रांत सावकाश सोडायचा. त्याने धडधड कमी होते. चौथं, स्वतःशी बोलायला एकच शब्द ठेवायचा: 'पुढची सम'. 'चुकू नको' असं मनाला बजावलं, तर मन चुकीच्याच मागे लागतं.

नंबर आपल्या हातात नसतो, तयारी असते. म्हणून प्रत्येक स्पर्धेला मुलीने स्वतःच्या हातातलं एकच उद्दिष्ट ठरवावं. यंदा हस्तक स्वच्छ, किंवा यंदा चेहऱ्यावर भाव.

आई-वडिलांना एक विनंती. परतीच्या एस.टी.त "कितवा नंबर?" आणि "तिथे काय झालं तुला?" हे दोन प्रश्न विचारू नका. मोबाईलवरचं चित्रीकरण त्याच रात्री दाखवून चुका मोजू नका. ते काम दोन दिवसांनी वर्गात होईल. तिला जेवू घाला, झोपू द्या. आणि एखादी मुलगी जेवण टाळू लागली, झोपेनाशी झाली, स्वतःला सतत दोष देऊ लागली, तर तो नाचाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका.

स्पर्धा दरवर्षी येतील. पुढच्या वर्षी त्या मुलीला घुंगरू बांधावेसे वाटले पाहिजेत, एवढं आपण मोठ्यांनी सांभाळू या.